कौलांवर टेकलेली फांदी

बेटेगाव
८ मे, गुरुवार

आत्या, रागावू नकोस असं आधीच लिहून ठेवतो, मग पुढचं.

तुझी चिठ्ठी नवसीने दिली. पाटीत वांग्यांखाली होती, त्यामुळे एक कोपरा ओला झालाय, पण वाचता आली. फोन करायचा नाही, कारण मेघालीताई फोन स्पीकरवर लावते आणि त्या फ्लॅटमध्ये हॉलमधलं किचनमध्ये ऐकू येतं. ठीक आहे. बोईसर ते बेटेगाव रिक्षाने पंधरा मिनिटं, आणि आपण पत्रं लिहितोय. नवसीला विचारलं, भाजी विकायला जाताना रोज पत्र नेशील का? ती म्हणाली, "नेते की. पण भांडण तुमचं नि ओझं माझं, हा कुठला न्याय हाय?"

घर कसं आहे विचारलंस. घर मस्त आहे. तुझा पाय मोडल्यापासून मी इथे आहे, त्यामुळे बाबा पण खूश. पोरगं एका जागी बसलं म्हणतात. तसा मी रविवारी सफाळ्याला गेलो होतो, पॅन्ट आणायला. स्टेशनवर शाळेतला एक जण भेटला, तो हल्ली मोबाईलची कव्हरं विकतो. त्याच्याबरोबर केळव्याला गेलो, तिथे त्याच्या मावसभावाची बोट रंगवायची होती, मी नाव लिहिलं बोटीवर. मला अक्षर चांगलं येतं हे त्यांना आवडलं. मंगळवारी रात्री परत आलो. पॅन्ट राहिलीच.

मांजर तुझ्या रिकाम्या तांदळाच्या पिंपात व्यायली. तीन पिल्लं. एक पिवळं आहे.

समोर नवीन टॉवर होतोय ना, त्याची क्रेन चालवणारा माणूस सकाळी वर चढतो तो संध्याकाळीच उतरतो. दुपारी त्याचा डबा दोरीने वर जातो. काल मी डबा वर जाईपर्यंत बघत बसलो. खालच्या पोराने सांगितलं, आज भेंडी आहे. एवढ्या उंचावर बसून भेंडी खायची, कसं वाटत असेल?

बाकी सगळं ठीक. पाय जप.

प्रीतम

हां, एक राहिलं, जागा नाही म्हणून कडेला आडवं लिहितोय. मागची जांभूळ आहे ना, तिची मोठी फांदी बेचक्यात फाटलीय आणि स्वयंपाकघराच्या कौलांवर येऊन टेकलीय. मी केळव्याहून आलो तेव्हा अशीच होती, म्हणजे वाऱ्याने असणार. काळजी करू नकोस. टेकलीय म्हणजे आता पडणार नाही.


बोईसर
९ मे

प्रीतम,

बोटीचं नाव लिहिलंस, पिल्लाचा रंग लिहिलास, क्रेनवाल्याच्या डब्यात भेंडी होती तेही लिहिलंस. आणि माझ्या स्वयंपाकघरावर जांभूळ पडली, ते पानाच्या कडेला, आडवं! मला पान फिरवून वाचावं लागलं. मेघाली विचारते, "आई, मान का वाकडी करतेस, दुखते का?"

टेकलीय म्हणजे पडणार नाही, हे तुला कुणी शिकवलं? आंब्याची फांदी वाकते, करकरते, माणसाला वेळ देते. जांभळीचं लाकूड दिसायला दांडगं पण आतून ठिसूळ, ती सांगून मोडत नाही. वर या दिवसांत फळ धरलंय, त्याचं वजन वेगळं. आज टेकलीय, उद्या ओट्यावर येईल.

आता नीट वाच. बाहेर बघू नकोस, क्रेन कुठे जात नाही. रविवारी १८ तारखेला मेघाली घर बघायला येणार आहे. एकटी नाही, एका कंत्राटदाराला घेऊन. त्याच्या हाताखाली कंपनीत कामाला येणारी पोरं आहेत, त्यांना राहायला घर हवंय. मेघालीचं म्हणणं, आईला आता एकटीला झेपत नाही, घर पडून राहील त्यापेक्षा भाड्याने जाऊ दे, आणि आईने कायमचं आमच्याकडे राहावं. वाईट बोलत नाही पोरगी. मी पडले तेव्हा तासभर विहिरीपाशी पडून होते, हे ती विसरत नाही. मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय: घर नीट असेल आणि मला वॉकरवर चालता येत असेल, तर जूनपासून मी माझ्या घरी. तिने ती फांदी कौलांवर पाहिली की संपलं. "बघ आई," एवढंच म्हणेल. पुढचं मला पाठ आहे.

म्हणून अठराच्या आत फांदी खाली, कौलं जागेवर, अंगण झाडलेलं. वरच्या पाड्यावरचा चिंतू झाडं उतरवतो, त्याला बोलाव. वरच्या धडक्या फांदीवरून दोर टाकून मोडकी आधी बांधायची. मग खालच्या बाजूने चार बोटं काप घ्यायचा, मग वरून कापायचं. वरून सुरुवात केली तर फांदी पडताना खोडाची साल सोलत नेते, आणि मग झाडच जातं. तुझे काका असेपर्यंत दरवर्षी हे काम मी खाली उभी राहून करून घेतलंय. आधी खालून. लक्षात राहील?

का माझ्या पायासारखं तिलाही प्लास्टर घालून निजवून ठेवणार आहेस?

आत्या


बेटेगाव
१२ मे, सोमवार

आत्या,

तुझी प्लास्टरची आयडिया एक नंबर!

आधी चिंतूचं सांगतो. तुझं पत्र आलं त्याच दिवशी पाड्यावर गेलो. चिंतू घरी नव्हता, त्याच्या साडूकडे लग्न होतं, पलीकडच्या पाड्यावर. म्हटलं, तिथेच गाठू. गेलो तर ते म्हणाले, जेवल्याशिवाय जायचं नाय. जेवलो. मग वरात निघाली, टेम्पोवर डीजे. डीजेवाल्याला एक वायर धरायला माणूस हवा होता, ती मी धरली. तर वरात संपेपर्यंत धरावीच लागली, सोडली की आवाज बंद. चिंतूला विचारलं तेव्हा तो नाचत होता. म्हणाला, "येतंय, येतंय," पण गाण्याला म्हणाला का मला, ते कळलं नाही. दोन दिवस तिथेच गेले.

परत येताना बोईसरला उतरलो आणि तुझं शेवटचं वाक्य डोक्यात आलं. प्लास्टर! कमलेश माझा दोस्त, फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये वेल्डर आहे. मी कागदावर चित्र काढून दाखवलं. तो म्हणाला, "पेड है या टंकी?" मी म्हटलं, टाकी समज. मग त्याने मस्त काम केलं. बेचक्याला लोखंडी पट्टा, नटबोल्टने आवळलेला. आणि फांदीखाली टेकू, जाड पाइपचा, वर फांदी बसायला खाच. "दो टन का लोड लेगा," म्हणाला. शेडमध्ये पिवळा-काळा रंग उरला होता, तोच पट्ट्यापट्ट्याने मारला. लांबून पण दिसतं.

फक्त एक झालं. फांदी स्वयंपाकघरावर आहे, म्हणजे टेकू पण स्वयंपाकघरातच उभा करावा लागला. मधली थोडी कौलं काढली आणि पाइप वर नेला. ओट्याच्या जरा अलीकडे येतो. गॅसपाशी जाताना थोडं तिरकं व्हावं लागतं, पण सवय होते. मला झाली.

आता कौलांवर फांदीचा भार नाही. पुढचं पण लिही, तू सांगशील तसं करतो.

प्रीतम

ता.क. पाइपाभोवती कौलांत भोक राहिलंय त्यातून दुपारी ऊन येतं, मांजर पिवळं पिल्लू बरोबर तिथे आणून झोपवते.


बोईसर
१३ मे

गाढवा,

तुझं पत्र बाथरूममध्ये जाऊन वाचलं, कारण एकटीला बसायला इथे तेवढंच दार आहे. मेघाली बाहेरून विचारते, "आई, पडलीस का?" मी म्हटलं, नाही. खरं म्हणजे पडलेच होते, उभ्या उभ्या.

टोमणा मारला होता मी! प्लास्टरची गोष्ट टोमणा होती! दहावीपर्यंत गेलास, तुला टोमणा ओळखता येऊ नये? आणि बाकीच्या दोन पानांत फांदी कशी कापायची ते साधं सरळ लिहिलं होतं, त्यातलं काहीच करायचं सुचलं नाही? जेवढं करू नये म्हणून लिहिलं, तेवढंच केलंस.

कौलं काढलीस. माझ्या स्वयंपाकघरात फाटकाचा खांब उभा केलास. मेघाली येऊन बघेल तर तिला वाटेल घरातून रेल्वे जाते.

आता ऐक. तो पट्टा काढ. आवळलेल्या लोखंडाने साल दबते, आणि फाटलेली जागा काही पट्ट्याने जुळत नाही. पण टेकू काढू नकोस! दोर बांधल्याशिवाय टेकूला हात लावलास तर सगळी जांभूळ ओट्यावर. आधी चिंतू, मग दोर, मग काप, आणि सगळ्यात शेवटी टेकू. पाठ कर.

कंत्राटदार काल इथे येऊन गेला. चहा प्यायला. मला विचारतो, "आजी, सहा जण राहतील ना?" मी म्हटलं, सहा जण राहतील, पण मी कुठे राहू? तो हसला. त्याला वाटलं म्हातारी विनोद करते. मेघालीने हॉलमध्ये टीव्हीखाली माझी खाट कुठे बसेल ते टेपने मोजून घेतलंय. खाट बसते.

गॅलरीतून समोरच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्या दिसतात. सगळीकडे एकाच कंपनीचे निळे गणवेश वाळत असतात. दुपारी ते काढतात, संध्याकाळी दुसरे घालतात. इतके आठवडे तेवढंच बघतेय. प्रीतम, मला इथे कुणी वाईट वागवत नाही, तरी मला घरी यायचंय. एवढं एकच काम कर. वाटेत कुणाची वायर धरू नकोस.

आत्या


बेटेगाव
१५ मे, गुरुवार

आत्या,

चिंतू आला!

सकाळीच आला, करवत, कोयता, दोर, सगळं घेऊन. आधी स्वयंपाकघरात गेला, तो पिवळा-काळा पाइप बघितला आणि खालीच बसला. इतका हसला की मला पाणी द्यावं लागलं. "झाडाला खांब? घरात? भाऊ, तुमी काय शिकलाव?" मग बाहेर जाऊन नवसीला सांगितलं, ती पण आत येऊन बघून गेली. मग शेजारचे कृष्णकांतकाका आले, खुर्ची घेऊनच आले. म्हणजे बघायला बसायचंच ठरवून.

चिंतूला मी तुझं सांगितलं, आधी खालून काप. तो म्हणाला, खालून कापला तर करवत अडकते, फांदी तिच्यावर बसते, आमी वरूनच घेतो. कृष्णकांतकाका म्हणाले, अरे शेंड्याकडून तुकडे पाडत या, खालून नाही, वरून नाही. चिंतू म्हणाला, शेंडा तर कौलांवर हाय, उभा कुठं राहू, तुमच्या खुर्चीवर? काका म्हणाले, माझ्या बापाने इथली अर्धी झाडं उतरवलीत. चिंतू म्हणाला, "म्हणूनच इथं झाडं दिसत नाय." मग काका चिडले. मी चहा केला. तिरकं होऊन.

चहा झाल्यावर चिंतू चढला. चढला तसा उतरला. फांदीवर लाल मुंग्यांचं घरटं आहे, पानं जोडून केलेलं, नारळाएवढं. त्याच्या गळ्यापासून पोटापर्यंत मुंग्या. उतरून त्याने सदरा काढला आणि अंगणभर नाचला. लग्नात नाचला होता त्यापेक्षा बरा नाचला. कृष्णकांतकाका आता हसायला लागले, म्हणजे दोघांची फिट्टंफाट.

चिंतू म्हणतो, राख फासून उद्या येतो, कारण आज अंगाची आग होतेय. मी पट्टा काढला बरं का. तुझं ऐकलं. पट्टा काढताना बेचका थोडा जास्त उघडला, कर्र असा आवाज आला. टेकूची खाच आता फांदीत रुतलीय.

तर आता मला एक कळव. तू म्हणतेस आधी खालून, चिंतू म्हणतो आधी वरून, काका म्हणतात शेंड्याकडून. मी कुणाचं ऐकू? उद्या सकाळी नवसी तुझ्याकडे भाजी घेऊन येईल, तिच्याबरोबर उत्तर दे. परवापर्यंत मला मिळेल. तोवर आम्ही थांबतो, किंवा चिंतूला घाई असेल तर वरूनच घेऊन टाकतो.

प्रीतम


मेघालीचा प्रीतमला मोबाईलवर मेसेज
१६ मे, शुक्रवार, सकाळ

प्रीतम फोन उचल. आई घरात नाही. नवसी भाजी देऊन गेली, मी आंघोळीला गेले, बाहेर येते तर आई नाही, वॉकर नाही, चपला नाहीत. टेबलावर चिठ्ठी आहे, "जांभळीचं काम आहे. येते." येते म्हणजे?? सहा आठवडे मी तिला एकटीला जिनाही उतरू दिला नाही! खालचा वॉचमन म्हणतो, आजी दोन मजले बसत बसत उतरल्या आणि रिक्षात चढल्या. आता नवसीने सांगितलं तुमची पत्रं चालली आहेत. तू मुद्दाम तिला चिडवून तिकडे ओढून घेतोस. फोन उचल!!


बेटेगाव
१६ मे, संध्याकाळ

मेघालीताई,

दुपारी मी तुला फोन करून सांगितलं की आत्या सुखरूप आहे, पण पुढचं ऐकायच्या आत तू ओरडलीस आणि ठेवलास. आत्या म्हणाली, लिहून पाठव, कागदाला मध्ये तोडता येत नाही. नवसी उद्या सकाळी देईल.

मी मुद्दाम केलं म्हणतेस. ताई, एवढी अक्कल असती तर मी बारावी झालो असतो.

सकाळी चिंतू अंगभर राख फासून वर चढला होता, करवत फांदीवर वरून ठेवली होती. तेवढ्यात रिक्षा आली आणि रिक्षातूनच आवाज आला, "खालूऽन!" चिंतूच्या हातातली करवत सुटता सुटता राहिली. कृष्णकांतकाका खुर्चीतून उठून उभे राहिले. आत्याने ती खुर्चीच मागवून घेतली आणि अंगणात बसली. रिक्षावाला निघत होता, त्याला म्हणाली, "तू कुठे चाललास? दोर धर." त्याने धरला. काकांनी पण धरला. मी धरला तर म्हणाली, तू हात लावू नकोस, तू पिल्लं बाहेर काढ.

मग ती वॉकर उचलून दाखवत होती आणि सगळे तसं करत होते. मुंग्यांच्या घरट्याची डहाळी आधी कोयत्याने उडवली. धडक्या फांदीवरून दोर, एक टोक मोडकीला, दुसरं विहिरीच्या बाजूला. खालून काप. चिंतू म्हणाला, "अडकली करवत!" आत्या म्हणाली, "अडकू दे थोडी, म्हणजे पुरेशी गेली. आता काढ नि वरून घे." वरून घेतली. फांदी सुटली तेव्हा एवढा आवाज होईल असं वाटलं होतं, पण ती दोरावर लोंबकळत हळूहळू विहिरीकडे गेली आणि बसली. खोडाची साल टिचली पण नाही. आणखी थोडी कौलं फुटली. रिक्षावाल्याचे हात सोलले, त्याला हळद लावली. उरलेला खुंट आत्याने उतरता कापून घेतला, पाणी साचून कुजायला नको म्हणून.

चिंतू उतरून म्हणाला, "आजे, तुमी वर चढल्या असत्या तर आमी आलोच नसतो."

पाइप शेवटी काढला. तिरकं व्हायची एवढी सवय झालीय की मी अजून ओट्यापाशी तिरकाच जातो.

पाय तिचा थोडा सुजलाय, खोटं सांगत नाही. उशीवर ठेवून बसलीय आणि मला हे काय लिहितोस ते वाचून दाखव म्हणतेय. मागच्या बाजूला तिने स्वतः लिहिलंय.

प्रीतम


(त्याच कागदाच्या मागे)

मेघाली,

न सांगता आले, त्याचं वाईट वाटतं. सांगितलं असतं तर तू येऊ दिलं नसतंस, आणि तुझंही बरोबरच होतं.

घर नीट नाही. लपवत नाही. स्वयंपाकघराच्या कौलांना भोक आहे, त्यातून आकाश दिसतं. अंगणभर जांभळीचा पाला आहे. फांदी विहिरीपाशी आडवी पडलीय, तिच्यावरची कच्ची जांभळं कोंबड्या खातात. तुझ्या अटीप्रमाणे बघितलंस तर मी हरले. कौलवाला उद्या येतो म्हणालाय, आणि प्रीतमला मी हाकलणार होते, पण आत्ता चढायला तोच आहे, म्हणून ठेवून घेतलाय. विहिरीपाशी यापुढे तो जाईल, मी नाही. हा माझा शब्द, तुझ्या भीतीसाठी.

तुझ्याकडे मला काही कमी नव्हतं. वेळेवर गोळी, वेळेवर जेवण. पण मी जरा आवाज चढवला की तू म्हणायचीस, "आई, बीपी." माझ्या जिवासाठीच म्हणायचीस. पण आज सकाळपासून मी चार माणसांवर ओरडले, चिंतूवर ओरडले, काकांना खुर्चीवरून उठवलं, एका रिक्षावाल्याला दोर धरायला लावला, ज्याचं नावही मला माहीत नाही. सगळं ऐकलं त्यांनी. तुझ्या हॉलमध्ये मी कुणाला काय सांगणार होते, सांग बरं? टीव्हीला?

आता भूक लागलीय. तिथे लागायची नाही.

रविवारी जेवायला ये. एकटी ये.

आई